चुकलेल्या ठोशांचे सर

आमच्या सरांचं नाक सरळ होतं. यात सांगण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. पण सर पलटणीत असताना वर्षानुवर्षं बॉक्सिंग खेळले होते, आणि बॉक्सिंग खेळलेल्या माणसाचं नाक साठीपर्यंत जागच्या जागी राहणं सोपं नाही. सरांना त्या नाकाचा एवढा अभिमान, की फोटो काढायचा झाला तर ते तोंड बाजूला करून बसायचे. सगळे शिक्षक समोर बघताहेत आणि एकटे पीटीचे सर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसलेत, असे फोटो भूमच्या आमच्या शाळेत अजूनही भिंतीवर आहेत. आता मी त्याच शाळेत पीटी शिकवते. नवीन मुलं मला विचारतात, हे सर कुणावर रुसलेत?

फौजेतून सुटल्यावर सर शाळेत लागले आणि संध्याकाळी बाजारातल्या रिकाम्या शेडमध्ये बॉक्सिंगचा वर्ग घ्यायला लागले. फी नव्हती. नखं कापलेली पाहिजेत एवढीच अट. मी आठवीत असताना तिथं गेले ती खेळाच्या आवडीनं वगैरे नव्हे. मी जात्याच भांडखोर. वर्गातल्या दोघातिघांना मी चांगलं बदडलं होतं, तेव्हा माझी रग जिरावी म्हणून शाळेनंच मला सरांच्या ताब्यात दिलं.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मारतीस म्हणं तू लई?" ते म्हणाले. "बरं. मार मला. नाकावर मार." आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

मला काय, तेवढंच हवं होतं. मी सगळा जोर लावून ठोसा हाणला, तो हवेत गेला. दुसरा हाणला, तोही. सर फार हलायचेही नाहीत. गालावरून माशी उडवायला मान जेवढी हलवतो तेवढी त्यांची मान हलायची आणि माझा हात त्यांच्या कानाजवळून निघून जायचा. शेवटी मी रडकुंडीला येऊन फरशीवर बसले. सर वाकून म्हणाले, "नाक हितंच हाय. उंद्या ये."

मी दुसऱ्या दिवशी गेले आणि मग जातच राहिले.

बॉक्सिंगच्या वर्गात मारायला शिकवत असतील अशी सगळ्यांची समजूत असते. सर चुकवायला शिकवायचे. कित्येक महिने आम्हाला ठोसा मारायची बंदीच होती. नुसते पाय. डावा पाय, उजवा पाय, टाच जरा उचललेली, गुडघा सैल. "मागं पळू नगा," सर ओरडायचे, "मागं भिंती असतेत. बाजूला सरका, बाजूला लई जागा असती." ही बाजूला सरकायची त्यांची एक खास रीत होती. मागची टाच फरशीवर हलकेच टेकवायची, जणू आता मागं जाणार, आणि नेमकं त्याच वेळी कमरेतून बाजूला निघून जायचं. मारणाऱ्याला वाटतं माणूस मागं गेला, तो पुढं घुसतो, आणि माणूस त्याच्या काखेजवळ उभा. ऐकायला सोपं वाटतं. मला जमायला दोन उन्हाळे गेले.

बस स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर कधी बॉक्सिंग लागलं की सर आम्हाला घेऊन जायचे. ठोसा लागला की अख्खं हॉटेल ओरडायचं. सर गप्प. ठोसा चुकला की सगळे गप्प आणि सर एकटे उठून टाळ्या वाजवायचे. चहा देणाऱ्या मालकाला पहिल्यांदा वाटलं, हे फौजी माणूस उन्हानं बिघडलंय. त्यानं विचारलंही. सर म्हणाले, "लागलेला ठोसा आंधळ्याला बी दिसतो रे. चुकलेला बघायला नजर लागती." मालकानं आमच्याकडं बघितलं आणि चहात साखर जरा जास्त घातली.

त्यांच्या मते जगात बॉक्सर दोनच जातीचे. एक खाऊन देणारा, दुसरा न खाता देणारा. खाऊन देणारा चार ठोसे अंगावर घेतो आणि एक असा देतो की समोरचा आडवा. लोक त्याला डोक्यावर घेतात. न खाता देणाऱ्याला लोक पळपुटा म्हणतात, त्याची मिरवणूक निघत नाही, त्याच्या नावानं तालीम उभी राहत नाही. पण म्हातारपणी नातवंडांची नावं त्यालाच आठवतात. हे सांगताना सर हसत नसत. सरांना जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा अंथरुणावरून त्यांनी मला माझी पहिलीवहिली लढत क्रमानं सांगितली, ठोशागणिक. मीच मध्ये दोन ठिकाणी चुकत होते आणि ते दुरुस्त करत होते.

घरी सरांच्या बायकोची, आमच्या काकूंची, तक्रार निराळीच. "ह्यांच्याशी भांडून बगा," त्या आमच्यापुढं हात नाचवायच्या. "म्या म्हणते दूध नासलं, हे म्हणतेत बासुंदी कर. म्या म्हणते छत गळतंय, हे खाट सरकवतेत. लग्न झाल्यापास्नं एक भांडण पुरं झालं न्हाय माझं!" सर आतल्या खोलीतून ओरडायचे, "खरं हाय तुझं!" आणि तेही भांडण तिथंच संपायचं.

आठवडी बाजाराच्या दिवशी शेडमध्ये व्यापारी बसायचे, तेव्हा वर्ग भरायला जागा नसायची. सरांनी बाजारच वर्ग केला. दोन्ही मुठी हनवटीशी धरायच्या आणि कांद्याच्या ढिगापासून शेळ्यांच्या बाजारापर्यंत झपझप जायचं, पण कुणाचाही धक्का लागता कामा नये. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, वाट अडवून गप्पा मारणारे सोयरे, दोरी तोडून पळालेलं करडू, या सगळ्यांतून. धक्का लागला की परत कांद्याच्या ढिगापासून. तिथं एक आज्जी कांदे विकायला बसायची, तिला सरांनी पंच नेमलं होतं. ती गिऱ्हाईक सोडून आमच्यावर नजर ठेवायची आणि खड्या आवाजात ओरडायची, "लागला! लागला! त्या धोतरवाल्याला लागला!" धोतरवाला दचकून आपलं धोतर बघायचा. सगळा बाजार हसायचा. मला त्या बाजाराइतकी मजा पुढं कुठल्याच रिंगमध्ये आली नाही, खरं सांगते.

मुलं यायची आणि महिना-दोन महिन्यांत गळायची. त्यांना धाडकन काहीतरी करून दाखवायचं असायचं. नुसतं बाजूला सरकण्यात त्यांना पुरुषार्थ दिसत नव्हता. सर कुणाला अडवायचे नाहीत. पण शेड झाडताना एकदा माझ्याशी म्हणाले, "म्या काय कप-बिप घिऊन जाणार न्हाय संगं. ह्यो पाय तेवढा कुणाच्या तरी अंगात ऱ्हावा. बास. न्हायतर माझ्यासंगं जायाचा." अगदी साध्या आवाजात म्हणाले. त्या दिवसापासून मला कळलं की या माणसाला आयुष्यात एवढं एकच हवंय, आणि ते मिळायची लक्षणं काही दिसत नाहीत.

मी टिकले त्याचं श्रेय माझ्या आईला. आईला माझं बॉक्सिंग मुळीच पसंत नव्हतं. वडील एसटीत कंडक्टर, ते दोन्हीकडून बोलायचे. शेवटी आईनं सरांना घरी बोलावून अट घातली. "सर, तुमी म्हणता म्हून पाठवते. पण ज्या दिवशी पोरीच्या तोंडावर वण दिसंल, त्या दिवशी ते हातमोजे चुलीत. मग तुमी या न्हायतर तुमचा कर्नल येऊ द्या."

सर खूश झाले! त्यांच्या कलेची एवढी नेमकी परीक्षा आजवर कुणी घेतली नव्हती. "मंजूर," ते म्हणाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी घरी आले की आई दारातल्या दिव्याखाली माझी हनवटी धरायची आणि बाजारात वांगं फिरवून बघावं तसं तोंड इकडून तिकडून बघायची. जरा कुठं लाल दिसलं की, "हे काय?" डास चावलाय, आई. "डास कुठल्या वजनगटातला?" हे वजनगट वगैरे शब्दही तिला तोंडपाठ झाले होते. बाकीची मुलं मार खाऊन शिकत होती, मला ती सोयच नव्हती. एक ठोसा तोंडावर बसला की खेळ बंद. त्यामुळं सरांचा पाय माझ्या अंगात भिनला तो निष्ठेनं कमी आणि आईच्या धाकानं जास्त.

परंडा तालुक्यातल्या एका गावानं जत्रेला आम्हाला एकदा बोलावलं होतं. कुस्त्यांच्या फडाबरोबर यंदा बॉक्सिंगही दाखवू, अशी गावकऱ्यांची हौस. आम्ही जाऊन बघतो तर रिंग कुठाय? कुस्तीचा हौदच आमच्यासाठी सजवून ठेवलेला. ताक, तेल, हळद घालून मऊसूत केलेली लाल माती, घोट्यापर्यंत पाय जाणारी. खेळ म्हटलं की माती, अशी त्यांची सरळ समजूत. त्यांनी ती माती दोन दिवस खपून मळली होती, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. माझी आणि दुसऱ्या एका मुलीची लढत सुरू झाली, हलगी कडाडली, आणि आमचे पाय काही त्या मातीतून निघेनात. लोक ओरडायला लागले, "धर की तिला! टांग मार!"

मग रंग राखायला सर स्वतः हौदात उतरले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, हात पाठीमागं बांधले आणि म्हणाले, "माझ्या नाकाला जो हात लावंल त्यानं गावानं बांधल्याला ह्यो फेटा न्यावा." एक तरणाबांड गडी उतरला. त्यानं हात टाकला, सरांनी मान काढली. पुन्हा टाकला, पुन्हा काढली. फड हसून लोटपोट. तिसऱ्या वेळी सरांनी आपली ती टाच टेकवली, टाच मातीत रुतून बसली, आणि सर बाजूला सरकायच्या ऐवजी उताणे पडले. गड्याचा हात हवेतच होता. कुस्तीचे पंच धावत आले, त्यांनी गड्याचा हात वर केला आणि जाहीर केलं, "चितपट!"

"अहो, त्यानं मला हात बी न्हाय लावला!" सर मातीतून ओरडले.

"पाठ लागली का न्हाय?" पंच म्हणाले.

सरांनी विचार केला. "लागली," ते म्हणाले. आणि उठून स्वतःच्या हातानं त्या गड्याच्या डोक्याला फेटा बांधला. परत येताना एसटीत ते सगळ्या प्रवाशांना सांगत होते की आपल्याला आजवर फक्त जमिनीनं हरवलंय. त्यांच्या शर्टाची पाठ हळदीनं पिवळी झाली होती आणि ते नवरदेवासारखे खूश होते.

सरांचे एक दोस्त होते, उमरग्याजवळच्या मुरूम गावचे. पलटणीतले हवालदार, म्हणून आम्ही सगळे त्यांना हवालदारच म्हणायचो. दोघं एकाच वजनाचे, एकाच बराकीतले. पण हवालदार खाऊन देणारे. मुरूमकडं आजही त्यांचं नाव काढा, चहाच्या टपरीवरचा पोरगाही सांगेल की त्यांनी एका दणक्यात समोरच्याला दोरांच्या बाहेर कसा फेकला. तालमीत त्यांचा हार घातलेला फोटो आहे. माणूस जिवंत असताना हार कशाला, म्हणून सर त्यावरून त्यांची थट्टा करायचे.

मी पाहिले तेव्हा हवालदारांचे कान कांदाभज्यांसारखे गोळा झालेले होते आणि नाक कुठल्या दिशेला आहे ते सांगता येत नव्हतं. हात सारखे थरथरायचे. बोलता बोलता शब्द हरवायचे, गाव विसरायचे, कधी स्वतःच्या मुलाला विचारायचे, तू कुणाचा? त्यांची बायको, सगळ्यांच्या अक्का, वर्षातून दोनतीनदा त्यांना घेऊन भूमला चार दिवस यायच्या. सर चहाची बशी स्वतः धरून त्यांना पाजायचे आणि मग शेडमध्ये आणून खुर्चीत बसवायचे. आणि हवालदार फर्माईश करायचे, "माझी लढत सांग."

ही लढत म्हणजे दोघांचीच. पलटणीचं अजिंक्यपद, शेवटचा सामना, सर विरुद्ध हवालदार. सर ती नुसती सांगायचे नाहीत, करून दाखवायचे. एकदा स्वतः व्हायचे, एकदा हवालदार व्हायचे. "शेवटचा राऊंड. म्या असा सरकतोय, असा सरकतोय. तेवढ्यात तुझा उजवा आला. मला दिसलाच न्हाय!"

"मग?" हवालदार खुर्चीत पुढं सरकायचे.

"मग काय, म्या आडवा!" सर धाडकन फरशीवर पडायचे.

"तू आडवा!" हवालदार मांड्या थोपटत हसायचे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ए अक्के, ऐकलंस का? ह्यो आडवा!" दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काही आठवत नसे. पुन्हा फर्माईश, पुन्हा सर आडवे, पुन्हा तेच हसू, अगदी ताजं. मी एकदा विचारलं, "सर, एवढा लागला तर नाक कसं शाबूत?" सर पडल्या पडल्या म्हणाले, "हनवटीवर लागला. तू गप."

पुढं एकदा काकूंच्या ओसरीवर मेथी निवडत बसलो असताना अक्कांनी मला खरं काय ते सांगितलं. "अय्यो, कुठलं आडवं अन् कुठलं काय. हेच हरले हुते गं त्या दिशी. सुट्टीवर आले ते आठ दिस एकच चाललेलं. त्या माकडानं मला हातच लावू दिला न्हाय, हातच लावू दिला न्हाय. जेवताना तेच, झोपताना तेच."

"मग सर असं का सांगतात?"

"ह्यास्नी हसू येतंय म्हून," अक्का म्हणाल्या आणि मेथीची जुडी झटकली.

मला राग आला. सरांनी आयुष्यात जिंकलेली मोठी लढत ही एवढीच, आणि तीही देऊन टाकलेली. फोटो नाही, तालीम नाही, निदान जिंकलो म्हणायला काय होतं? मी तरातरा शेडमध्ये गेले आणि सरांना तसं तोंडावर बोलले. सर ग्लोव्हजना पावडर लावत होते. "जिंकल्यालं माझ्या ध्यानात हाय की," ते म्हणाले. "त्याच्या ध्यानात कायच न्हाय. मग ऱ्हाऊ दे त्याच्याकडं." आणि पावडर लावत राहिले. माझा राग गेला, पण हळहळ गेली नाही. मला सरांचं फार वाईट वाटलं होतं.

मी बारावीत असताना विभागीय स्पर्धा उमरग्याला भरल्या. सरांच्या वर्गातून तिथवर पोचलेली मी एकटीच होते आणि चुकतमाकत अंतिम सामन्यापर्यंत गेले. अंतिम सामना बघायला आई आली. आजवर तिनं माझी एकही लढत बघितली नव्हती, नुसतं तोंड तपासलं होतं. मुरूम जवळच, म्हणून अक्काही हवालदारांना घेऊन आल्या आणि आईशेजारी पुढच्या रांगेत बसल्या. सर माझ्या कोपऱ्यात. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ही लढत त्यांच्या पायाची आहे, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

समोरची मुलगी खाऊन देणारी. माझ्यापेक्षा दणकट, सरळ चालून येणारी. पहिल्या राऊंडमध्ये मी तिला हात लावू दिला नाही. लोक कंटाळले. दुसऱ्यातही मी सरकत राहिले, एखादा हलका ठोसा टेकवून बाजूला. आता लोक ओरडायला लागले. "भिड की!" "ही काय लंगडी खेळतीय व्हय!" शिट्ट्या सुरू झाल्या. आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या वर एक ओळखीचा आवाज आला.

"ए बये! मार की तिला! नाचतीस काय नुसती!"

ती माझी आई होती. खुर्चीवर उभी राहून, पदर खोचून, मूठ उगारून. जिनं इतकी वर्षं दिव्याखाली माझं तोंड तपासलं ती.

राऊंड संपल्यावर मी कोपऱ्यात येऊन बसले. "सर, आई काय म्हणतीय ऐकलं का?"

"समद्या उमरग्यानं ऐकलं."

"मग घुसू का?"

सरांनी मला पाणी पाजलं. आता अट उरली नव्हती. धाकही उरला नव्हता. मी घुसले असते, दोन खाऊन एक दिला असता, तर सगळ्या मंडपानं मला डोक्यावर घेतलं असतं आणि आईनं सगळ्यात आधी. सरांनी एवढंच म्हणायला हवं होतं की घुसू नको. ते म्हणाले नाहीत. "तोंड तुझं हाय, पोरी," ते म्हणाले. "तुझं तूच बघ." आणि स्टूल उचलून खाली उतरले. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, दोन्ही एकदमच.

शेवटचा राऊंड सुरू झाला. मी पूर्ण विचार करून काही ठरवलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी घुसायचंच ठरवत होते. तेवढ्यात त्या मुलीचा उजवा आला, अंगातलं सगळं बळ लावून, आणि माझी टाच आपोआप टेकली. मी तिच्या काखेजवळ उभी होते आणि ती समोर हवेत मला शोधत होती. मला हसूच आलं. इतका आनंद मला मारण्यात कधी झाला नव्हता. मग मी घुसायचं विसरले. ती येत राहिली, मी सरकत राहिले, टेकवत राहिले. शेवटी तिचे हातच वर उठेनात. रेफ्रीनं माझा हात वर केला. टाळ्या जेमतेम. माणसं चहाला उठायला लागली.

तेवढ्यात पुढच्या रांगेत गडबड झाली. हवालदार उभे राहिले होते आणि अक्कांचा हात सोडवून रिंगकडं येत होते. दोर दोन्ही हातांनी धरून ते माझ्या पायांकडं बघत राहिले. "ए," ते म्हणाले, "ती टाच. ती टाच पुन्ना कर." मी केली. टाच टेकवली आणि बाजूला सरकले.

हवालदारांचं तोंड उजळलं. "ह्ये त्या माकडाचं हाय!" ते ओरडले. "म्या, त्यो मागं गेला म्हून घुसायचो आन् ते भाड्या बाजूला! समदा सामना असाच! मला हात लावू दिला न्हाय! हरवलं की रं मला त्यानं!" मग त्यांची नजर कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या सरांवर गेली. ते गेले आणि त्यांनी सरांची इस्त्रीची कॉलर धरली. "तू! तूच त्यो!"

"न्हाय रे," सर गडबडून म्हणाले. "तू जिंकलास. म्या आडवा झालो. रोज सांगतो की तुला."

"खोटारड्या!" हवालदार म्हणाले. "आडवा व्हायला हात तरी लागला व्हता का तुला माझा?"

ठोसे चुकवण्यात आयुष्य गेलेला माणूस, पण हे काही त्यांना चुकवता आलं नाही. अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडत होत्या. आईला यातलं काहीच कळलं नव्हतं. तिनं रिंगजवळ येऊन माझी हनवटी धरली, तोंड इकडून तिकडून फिरवलं आणि म्हणाली, "कायच न्हाय लागलं?" तिच्या आवाजात थोडी निराशा होती.

संध्याकाळी जीप करून आम्ही सगळे मुरूमला अक्कांकडं निघालो. हवालदार सरांना खेटून बसले होते. बाहेर तुरीची शेतं मागं जात होती. "माझी लढत सांग," हवालदार म्हणाले.

सरांनी सवयीनं सुरू केलं. "शेवटचा राऊंड. म्या असा सरकतोय, असा सरकतोय. तेवढ्यात तुझा उजवा आला. मला दिसलाच..."

"खरं सांग," हवालदार म्हणाले.

सर थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अक्कांकडं. ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती, पण याच्या पुढचं वाक्य त्यांना कधी म्हणावं लागलं नव्हतं. नवरीला नाव घ्यायला लावलं की ती जशी लाजते तसे ते लाजले.

"तुझा उजवा आला," ते म्हणाले. "मला दिसला."

"मग?"

"मग म्या टाच टेकली. बाजूला सरकलो."

"मग?"

"मग काय," सर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "म्या जिंकलो की रं."

हवालदार इतके हसले, इतके हसले, की ड्रायव्हरनं घाबरून जीप बाजूला घेतली.